नोकरी सोडून स्वतःचा धंदा: राजीनामा देण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती महाराष्ट्रात खासगी नोकरी करणाऱ्या आणि पाच-दहा लाखांच्या आतबाहेर भांडवलात छोटा धंदा सुरू करू पाहणाऱ्यांसाठी आहे. हिशेब समजावा म्हणून पोळी-भाजी केंद्राचं एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. त्यातले दर नमुन्याचे आहेत. तुमच्या भागातलं भाडं, मजुरी आणि भाव घालून तीच आकडेमोड पुन्हा करा.

माझ्या हातात महिना ४०,००० पगार येतो. धंद्यातून ४०,००० सुटले की बरोबरी झाली ना?

नाही. हातात येतो त्याहून तुमचा पगार मोठा असतो, आणि उरलेला भाग नोकरी सुटल्यावरच दिसतो. समजा मूळ वेतन २०,००० आहे आणि पूर्ण मूळ वेतनावर पीएफ कापला जातो. तुमचे १२ टक्के म्हणजे २,४०० कापले जातात, पण ते तुमचेच पैसे असतात. कंपनीही २,४०० घालते. त्यातला काही भाग पेन्शन योजनेत आणि उरलेला पीएफमध्ये जातो. ग्रॅच्युइटी दर वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाइतकी साठते आणि महिना २६ दिवसांचा धरतात. २०,००० ला १५ ने गुणून २६ ने भागलं की ११,५३८ येतात, म्हणजे महिन्याला ९६० च्या आसपास. कंपनीचा गट आरोग्य विमा गेल्यावर घरच्या चौघांचा विमा स्वतः काढावा लागेल. त्याचे महिन्याला २,००० धरू.

४०,०००, २,४००, २,४००, ९६० आणि २,००० मिळून ४७,७६० होतात. म्हणजे तुमचा खरा पगार ४८,००० च्या घरात आहे. यात भरपगारी रजा आणि बोनस धरलेला नाही. धंद्यात आजारी पडलात की त्या दिवशीचा गल्ला रिकामा राहतो आणि भाडं मात्र चालूच असतं. म्हणून हे ४८,००० वहीत 'मालकाचा पगार' म्हणून खर्चाच्या बाजूला लिहा. तो वजा केल्यावर जे उरतं, तेवढ्यालाच नफा म्हणायचं. छोट्या धंद्यात सर्वात जास्त फसगत याच एका ओळीने होते, म्हणून पुढच्या काही उत्तरांत ती पुन्हा येईल.

मग डब्याच्या धंद्यात एवढे पैसे सुटायला रोज किती डबे विकावे लागतील?

एका डब्याची किंमत ९० रुपये धरू. शिधा आणि भाजी ४०, गॅस ५, पॅकिंग ५, पोहोचवणं ८, असे ५८ रुपये प्रत्येक डब्यामागे जातात. उरतात ३२.

आता डबा विकला नाही तरी जाणारा महिन्याचा खर्च बघा. गाळ्याचं भाडं १८,०००, पोळ्या लाटणाऱ्या दोघींचे प्रत्येकी १४,००० म्हणजे २८,०००, वीज-पाणी ४,०००, कर्जाचा हप्ता ९,००० (चार लाख, पाच वर्षं, १२ टक्के व्याज धरलं तर हप्ता एवढा येतो) आणि किरकोळ दुरुस्ती ३,०००. एकूण ६२,०००. याला ३२ ने भागलं की महिन्याला सुमारे १,९३८ डबे येतात. २६ दिवस काम धरलं तर रोजचे ७५.

७५ डबे रोज गेले की बहुतेकांना वाटतं, धंदा उभा राहिला. गल्ल्यात पैसे फिरतात, देणी वेळेवर जातात. पण त्या ७५ डब्यांत मालक फुकट राबत असतो आणि घरखर्च बचतीतून चाललेला असतो. ४८,००० चा पगार धरून खर्च १,१०,००० झाला की रोजचे १३३ डबे लागतात.

इथे दोन गोष्टी आड येतात. पहिली पोळ्यांची. डब्यात चार पोळ्या धरल्या तर १३३ डब्यांना ५३२ पोळ्या होतात, आणि दुपारच्या डब्याच्या त्या सगळ्या सकाळी दहा-साडेदहाच्या आत व्हायला हव्यात. एका सराईत बाईच्या तासाला ४०-४५ पोळ्या धरल्या तरी दोघींना सहा तास लागतात. तिसरी बाई ठेवावीच लागते आणि खर्च १,२४,००० होतो. खर्च असा पायरीपायरीने वाढतो. विक्रीबरोबर सरळ रेषेत वाढेल असं कागदावर धरून चाललात तर नेमके याच जागी अडकाल.

दुसरी गोष्ट जीएसटीची. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी सक्तीची होते, आणि रोजच्या ७२ डब्यांतच ती मर्यादा ओलांडते. खानावळीच्या डब्याला ५ टक्के कर लागतो आणि त्या दरात खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. किंमत ९० च ठेवली तर त्यातले ४ रुपये २९ पैसे कराचे जातात आणि डब्यामागे २७ रुपये ७१ पैसे उरतात. मग रोज १७३ डबे लागतात. किंमत ९५ केली तर १४७ डब्यांत तेवढंच साधतं. म्हणजे पाच रुपये वाढवायला घाबरल्याची किंमत रोजचे २६ जास्तीचे डबे आहेत. किंमत पहिल्या दिवसापासून कर धरूनच ठरवा. ग्राहक जोडल्यावर भाव वाढवणं फार जड जातं.

माझा धंदा डब्याचा नाही. हाच हिशेब चालेल का?

चालेल. 'एका डब्याच्या' जागी तुमचा एकक घ्या: लाकडी घाण्यावर एक किलो तेल, फॅब्रिकेशनमध्ये एक किलो लोखंडाचं काम, क्लासमध्ये एक विद्यार्थी. घाण्यात पेंड विकून आलेले पैसे खर्चातून वजा करायला विसरू नका. फॅब्रिकेशनमध्ये कापताना वाया जाणारं लोखंड आणि वेल्डिंग रॉड एककाच्या खर्चात धरा. क्लासमध्ये एप्रिल-मे कोरडे जातात, म्हणून बारा महिन्यांचा खर्च दहा महिन्यांच्या फीवर बसवा.

राजीनामा देताना हाताशी किती पैसे हवेत?

तीन वेगळे गठ्ठे ठेवा आणि शक्यतो वेगळ्या खात्यांत. पहिला गठ्ठा घरखर्चाचा: किराणा, शाळेची फी, घराचा हप्ता आणि विमा धरून १२ महिन्यांचा. दुसरा धंद्याच्या ठरलेल्या खर्चाचा, सहा महिन्यांचा. आपल्या उदाहरणात हप्ता धरून ६२,००० च्या हिशेबाने ३,७२,०००. तिसरा सुरुवातीच्या खरेदीचा: भांडी, शेगड्या, फ्रीज, गाळ्याची अनामत, रंगरंगोटी, पाटी.

नेहमी घडतं असं की तिसरा गठ्ठा फुगतो आणि दुसऱ्याला खातो. चकचकीत गाळा, मोठी पाटी, नवं यंत्र होतं आणि चौथ्या महिन्यात भाजीवाल्याला द्यायला रोकड नसते. जुनं यंत्र चालत असेल तर जुनंच घ्या. फक्त फ्रीज, काटा आणि गॅसची जोडणी यांत काटकसर करू नका. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. १९ किलोचाच घ्यावा लागतो, आणि हिशेबातही त्याचाच दर धरा.

कंपन्यांच्या ऑर्डर मिळाल्या तर चांगलंच ना? मोठं काम, ठरलेले डबे.

काम चांगलं, पैसे मात्र उशिरा येतात. ९५ च्या दराने रोज १४७ डबे म्हणजे महिन्याची बिलं ३ लाख ६३ हजारांच्या आसपास. त्यातली निम्मी कंपन्यांची आणि पैसे ४५ दिवसांनी येणारे असतील, तर कोणत्याही दिवशी पावणेतीन लाख रुपये बाहेर अडकलेले असतात. भाजीवाला, गॅस आणि बायांचा पगार ४५ दिवस थांबत नाहीत. वहीत नफा दिसत असताना धंदे बंद पडतात ते या खेळत्या भांडवलाच्या तुटीने.

उपाय आहेत. ऑर्डर घेतानाच लेखी करार करा आणि पैसे देण्याची मुदत त्यात घाला. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, आधी काढून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी कराराप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देण्याचं बंधन २००६ च्या कायद्याने ग्राहकावर घातलं आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मुदतीत दिले नाहीत तर पैसे प्रत्यक्ष दिले जातील त्या वर्षापर्यंत देणाऱ्या कंपनीला आयकरात त्या खर्चाची वजावटही मिळत नाही. ही शेवटची गोष्ट त्यांच्या लेखा विभागाला नीट माहीत असते, म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. हे संरक्षण उत्पादन आणि सेवेला आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला मिळत नाही.

पहिल्या सहा महिन्यांत उधारीवरची विक्री एकूण विक्रीच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. मोठी ऑर्डर नाकारावी लागली तरी चालेल.

नोकरी करता करता सुरू केलं तर?

शक्य असेल तर हाच रस्ता घ्या, पण आधी नेमणूकपत्र काढून वाचा. 'दुसरा कोणताही व्यवसाय किंवा नोकरी करणार नाही' असं कलम बहुतेक खासगी करारांत असतं. लेखी परवानगी मागता येते. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार खासगी धंदा करायला मनाई आहे, आणि बायकोच्या नावावर कागद करून स्वतः चालवणं ही पळवाट चौकशीत टिकत नाही. पत्नी खरोखर स्वतः चालवत असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही कार्यालयाला कळवावं लागतं.

चाचणीचा नेम असा ठेवा: शनिवार-रविवार किंवा एकच वेळचे डबे, १२ आठवडे, आणि ओळखीबाहेरचे ग्राहक वेगळे मोजायचे. नातेवाईक आणि सोसायटीतले लोक पहिल्या महिन्यात आवर्जून घेतात. बाराव्या आठवड्यात परत येणारे अनोळखी ग्राहक किती, तो आकडा खरा. पहिल्या महिन्यातल्या दर दहा अनोळखी ग्राहकांमागे पाच-सहा टिकले नसतील, तर चव, वेळ किंवा किंमत यांत काहीतरी चुकतं आहे. ते दुरुस्त होईपर्यंत राजीनामा नको.

राजीनाम्याची तारीख कशी ठरवावी?

ग्रॅच्युइटीला कायम नोकरीत सलग पाच वर्षं लागतात. चार वर्षं आठ महिने झाले असतील तर चार महिने थांबा. वरच्या उदाहरणात ते ५७,६९० रुपये आहेत, म्हणजे तिसऱ्या बाईचा चार महिन्यांचा पगार. पीएफबरोबरच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. नऊ वर्षं झालेल्या माणसाने हेही बघावं. बोनस दिवाळीला मिळत असेल तर त्या दिवशी तुम्ही कामावर असायला हवं की नाही, ते कंपनीच्या नियमांत पाहा.

आरोग्य विमा मात्र राजीनाम्याच्या बऱ्याच आधी काढा. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून दावा मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मधुमेह किंवा रक्तदाब असलेले आई-वडील पॉलिसीत असतील तर ही तीन वर्षं फार मोठी आहेत. त्याच विमा कंपनीकडे गट विम्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. नोकरीवर असतानाच त्यासाठी अर्ज करा.

घरासाठी कर्ज घ्यायचं मनात असेल तर हेही लक्षात ठेवा की धंदेवाल्याकडे बँका साधारण दोन ते तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात. पण नुकताच मोठा हप्ता गळ्यात घेऊन लगेच नोकरी सोडणं ही सर्वात धोक्याची जोडी आहे. दोन्हींपैकी एकच निवडा.

पीएफ काढून भांडवल म्हणून घातला तर?

आमचं मत स्पष्ट आहे: घालू नका. सलग पाच वर्षांच्या सेवेआधी काढला तर त्यावर आयकर लागतो. आणि धंदा बुडाला तर म्हातारपणची सोयही त्याच्याबरोबर जाते. घरातलं सोनं आणि राहतं घर यांनाही हाच नियम लावा. जे गेलं तर कुटुंब रस्त्यावर येईल, ते धंद्यात नको.

सरकारी योजनेतून कर्ज मिळतं का? अनुदानाचं काय?

मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं: शिशु ५०,००० पर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत, तरुण दहा लाखांपर्यंत. तरुण गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंतही मिळू शकतं. मुद्रा हे कर्जच आहे, त्यात अनुदान नाही.

अनुदान पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात आणि राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात आहे. ते प्रवर्ग आणि शहरी-ग्रामीण भागानुसार प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के असतं, आणि स्वतःचा वाटा ५ ते १० टक्के घालावा लागतो. मराठा समाजातल्या अर्जदारांना अण्णासाहेब पाटील महामंडळाकडून व्याजाचा परतावा मिळतो. तिथे हप्ता आधी स्वतः वेळेवर भरायचा असतो, परतावा नंतर येतो. अटी आणि मर्यादा बदलत राहतात, म्हणून जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू परिपत्रक वाचा. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची प्रशिक्षणं आणि बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थाही उपयोगाच्या आहेत.

लोक अडकतात ते ठरावीक ठिकाणी. अनुदान हातात रोख मिळतं असं समजतात. पंतप्रधान कार्यक्रमात ती रक्कम तीन वर्षं बँकेतच तुमच्या नावे राहते, युनिट चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळते होते. कर्ज मंजूर होण्याआधीच यंत्र घेऊन टाकलं, तर युनिट जुनं ठरून अर्ज बाद होऊ शकतो. प्रकल्प अहवालात यंत्राची रक्कम फुगवली आणि खेळतं भांडवल नावापुरतं दाखवलं, तर मंजुरी मिळूनही धंदा तिसऱ्या महिन्यात कोरडा पडतो. अनुदान मिळतंय म्हणून धंदा निवडू नका. आधी वरचा डब्यांचा हिशेब अनुदानाशिवाय बसला पाहिजे.

नोंदण्या कोणत्या लागतात?

एकट्याचा धंदा असेल तर मालकी हक्काचा, म्हणजे प्रोप्रायटरशिपचा मार्ग सर्वात सोपा. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिच्यासाठी पैसे मागणारी साइट सरकारी नाही. गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, थोडे कामगार असतील तर नुसती ऑनलाइन सूचना देऊन होते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये स्वतःचा भरायचा, आणि कामाला असलेल्यांचा पगार या कराच्या मर्यादेत येत असेल तर त्यांचा कापून भरायचा. खाण्याचे पदार्थ असतील तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी पहिल्या डब्याच्या आधी हवी. धंद्याच्या नावाने चालू खातं उघडा आणि घरखर्च त्यातून अजिबात करू नका. महिन्याच्या एक तारखेला मालकाचा पगार घरच्या खात्यात पाठवायचा, बस.

वस्तूंच्या विक्रीत जीएसटीची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाख आहे, पण वस्तू राज्याबाहेर विकल्या की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. गरज नसताना हौसेने नोंदणी घेऊ नका. विक्री शून्य असली तरी विवरणपत्रं भरावी लागतात आणि चुकलं की दिवसागणिक दंड चढतो. गाळा भाड्याने घेताना करार नोंदवूनच घ्या. ११ महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे.

प्रायव्हेट लिमिटेडची घाई नको. तिथे उलाढाल कितीही कमी असली तरी दरवर्षी लेखापरीक्षण आणि वार्षिक विवरणं सक्तीची असतात.

आयकरात काय फरक पडतो?

नव्या करप्रणालीत नोकरदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) मिळते, धंदेवाल्याला नाही. नोकरदार दरवर्षी जुनी-नवी करप्रणाली बदलू शकतो. धंद्याचं उत्पन्न असलेल्याने नवी सोडली तर परत येण्याची संधी एकदाच मिळते. वर्षाला दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंद्यांना अनुमानित पद्धत आहे. त्यात बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के आणि रोख विक्रीच्या किमान ८ टक्के उत्पन्न दाखवून सविस्तर वह्यांची कटकट टळते, आणि आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरता येतो. पण खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवा. उद्या घरकर्ज मागायला गेलात की बँक तेच कागदावरचं उत्पन्न बघते. कंपन्या बिलातून टीडीएस, म्हणजे तुमच्या नावे भरायचा आयकर, आधीच कापतात. पॅन दिला नाही तर तो २० टक्क्यांनी कापला जातो.

मित्राबरोबर भागीदारी करावी का?

दोघांचं काम वेगळं असेल तरच, म्हणजे एक स्वयंपाकघर सांभाळणारा आणि एक ग्राहक व वसुली. दोघंही 'पैसे घालणारे' असतील तर स्वयंपाकघरात कोणीच नसतं. करारपत्रात पगार कोणाला किती, नफ्याची वाटणी, खात्यावर सह्या कोणाच्या, एकाला बाहेर पडायचं झालं तर त्याचा हिस्सा कोणत्या हिशेबाने आणि किती हप्त्यांत द्यायचा, हे लिहा. फर्म निबंधकाकडे नोंदवा. नोंदणी नसलेली फर्म थकबाकीदारावर कराराच्या आधारे दावा लावू शकत नाही. आणि साध्या भागीदारीत एकाने केलेलं देणं दुसऱ्याच्या घरापर्यंत येऊ शकतं, हे दोघांच्या घरच्यांसमोर बोलून घ्या.

फ्रँचायझी घेतली तर जोखीम कमी होते का?

तयार नाव मिळतं, पण रॉयल्टी आणि त्यांच्याकडूनच माल घेण्याची अट यांनी एककामागचे पैसे घटतात. त्याच ब्रँडच्या दोन वर्षांहून जुन्या तीन दुकानांत जा, आठवड्यातल्या साध्या दिवशी दोन तास उभे राहून गिऱ्हाईक मोजा, मग हिशेब करा.

घरचे तयार नाहीत. काय करू?

त्यांना समजावू नका, वही दाखवा. तीन गठ्ठे, रोजचे किती डबे, आणि 'अमुक तारखेपर्यंत अमुक आकडा आला नाही तर मी नोकरी शोधेन' ही लेखी ओळ. बहुतेक घरांत भीती असते ती शेवट कुठे ते माहीत नसल्याची.

बंद करायची वेळ आली, हे कसं ओळखायचं?

सुरू करण्याआधीच दोन रेषा आखा. नवव्या महिन्यात मालकाचा निम्मा पगार तरी सुटायला हवा, अठराव्या महिन्यात पूर्ण. घरखर्चाच्या गठ्ठ्यात तीन महिन्यांचे पैसे उरले आणि पहिली रेषा गाठली नसेल, तर नवं कर्ज किंवा क्रेडिट कार्डाचे पैसे घालू नका. एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून भरायला लागलात, तर त्याच आठवड्यात थांबा.

बंद करतानाही क्रम असतो: आधी कामाला असलेल्या बायांचे पगार, मग पुरवठादार, मग बँकेशी हप्त्यांबद्दल बोलणं. जीएसटी क्रमांक रद्द करून शेवटचं विवरणपत्र भरा, नाहीतर धंदा बंद असूनही दंड चढत राहतो. गाळेमालकाला करारातल्या मुदतीची लेखी नोटीस द्या, अनामत त्यावरच अवलंबून असते. नोकरीच्या अर्जात हा काळ लपवू नका. किती ग्राहक जोडले, किती माणसं सांभाळली, वसुली कशी केली, हे आकड्यांत लिहा. खरेदी, विक्री आणि कामकाज या विभागांत त्याला किंमत आहे. नव्या कंपनीला जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, द्या, म्हणजे पीएफची आधीची सेवा त्याच खात्याला जोडली जाईल.